चाकू चालतो, खोबरं नाही

विमानाने जाताना खिशातला चाकू चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या मोठ्या बॅगेत, चालतो का, तर हो, चालतो. केबिनच्या पिशवीत मात्र नकोच. मागे इंदूरहून पुण्याला निघताना किल्ल्यांच्या जुडग्यातला बोटभर स्विस चाकू मी विसरलो आणि एक्स-रेत तो बरोब्बर दिसला. मोठी बॅग आधीच पुढे गेलेली. बाबांनी दिलेला चाकू तिथेच सोडावा लागला, अजून हळहळ वाटते. आता पातं मिटवून, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवतो. बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापायला नको. त्याच बॅगेत पॉवर बँक मात्र टाकू नका, लिथियम बॅटरी असल्याने ती जवळच ठेवायची. आणि हो, आजीने बांधून दिलेलं सुकं खोबरंही काढा. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून अडवतात.