समुद्राकाठचं घर, पायी भटकंती आणि लहरी हवामान: तुमचे अनुभव सांगा

गाडीने एका दिवसात चार किनारे उरकण्यापेक्षा एखाद्या आडगावात समुद्राजवळच्या घरी मुक्काम टाकावा आणि तिथून रोज पायी निघावं, ही सुट्टी मला सगळ्यात आवडते. कोकणात ऑक्टोबर आणि मे-अखेर हे दोन काळ त्यासाठी खुणावतात, आणि दोन्हींत आभाळाचा भरवसा नसतो. तुमच्या बाबतीत काय झालं? वाट कुठे बदलली, घरच्यांनी काय सांगितलं, अडकून पडल्यावर दिवस कसा गेला? नुसतं ‘खूप मजा आली’ नको. कुठली वाट, किती वाजता, पाणी कुठवर, असं लिहा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

सुरुवात मी करते. आम्ही केळशीला उतरलो होतो. तिथून उटंबर, आडे, पाडले करत आंजर्ल्यापर्यंत चालायचं मनात होतं. पहिल्याच संध्याकाळी घरच्या काकांनी ओटीवर कॅलेंडर उघडून तिथी पाहिली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांनी आम्हाला शिकवलं. दुसऱ्या दिवशी पंचमी, म्हणजे पावणेचारच्या आसपास भरती आणि सकाळी साडेनवाच्या सुमाराला पुरती ओहोटी. “सकाळी लवकर निघा, म्हणजे पाडल्याची पुळण तुम्हाला कडक मिळेल,” म्हणाले. तशीच मिळाली. ओल्या घट्ट वाळूवर पाय रुतत नाही, त्यामुळे तासाचं अंतर कधी संपलं कळलं नाही. दुपारी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर असताना हर्णैच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि सुवर्णदुर्ग बघता बघता दिसेनासा झाला. पावसाने गाठण्याआधी आम्ही देवळात होतो. परत येताना पुळणीचा विचारही केला नाही, सरळ रस्त्याने आलो.

---

मी पाहुणे ठेवणारी आहे, दापोली तालुक्यातली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, पण आमच्या वाडीतल्या सुपाऱ्याही एकावर एक आडव्या झाल्या, कौलं उडाली, वीज कितीतरी दिवस नव्हती. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. नव्याने लावलेली रोपं आत्ता कुठे उंच झालीत. तेव्हापासून मी बुकिंग घेतानाच सांगते, की ‘आज समुद्राकडे नको’ असं मी म्हटलं की नको.

आम्ही काय बघतो, ते सांगते. एरवी सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून. हा क्रम मोडला, पहाटेपासूनच दक्षिणेचा वारा सुटला आणि गाज घरात, माजघरापर्यंत ऐकू यायला लागली, की सावध व्हायचं. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा लागला आणि होड्या परत फिरल्या तर विचारूच नका. मोबाइलवर ऊन दाखवत असलं तरी आधी होड्या बघा. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते उगीच घरी बसत नाहीत. अशा दिवशी पाहुण्यांचे चेहरे उतरतात, मला वाईट वाटतं. मग गावातल्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, वर देवळापर्यंत आणि आगरातून मागच्या बाजूने परत, असं फिरवून आणते. आगराभोवतीच्या दगडी गडग्यांच्या आडोशाने वारा लागत नाही.

---

ताईंनी समुद्राचं सांगितलं, मला सड्याचं, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या उघड्या पठाराचं सांगायचंय. कशेळीला कनकादित्याचं दर्शन घेऊन आम्ही कातळशिल्पातला तो प्रचंड हत्ती बघायला सड्यावर गेलो. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, आणि एका जागी उभं राहून सगळा हत्ती नजरेत मावत नाही. ऑक्टोबर होता. जांभ्याच्या भोकाभोकांत पावसाचं पाणी साठलेलं, आणि अशाच एका तळहाताएवढ्या डबक्यात सीतेच्या आसवांची उशिराची निळी-जांभळी फुलं होती. मुलगी तिथेच पालथी पडून बघत राहिली.

पण सड्यावर ना झाड ना आडोसा, आणि परतीचा पाऊस दुपारी विजा घेऊनच येतो. उघड्या कातळावर त्या वेळी माणूसच सगळ्यात उंच असतो. म्हणून आमचा नियम: सडा सकाळी, दुपार घरात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, ते जरूर घ्या. मात्र सड्यावर रेंज जाते, तेव्हा पहिला गडगडाट ऐकू आला की उतरायला लागायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

---

मी वेल्समधून लिहितोय. इथला पेम्ब्रोकशायर किनारामार्ग 186 मैलांचा, कड्यांच्या काठाकाठाने जाणारा, 1970 साली खुला झालेला. आम्ही डेलजवळ एका दगडी कॉटेजमध्ये राहिलो, आईबाबा भारतातून आले होते. इथे एका दिवसात ऊन, धुकं, गारा सगळं होतं. बाबा रत्नागिरीचे, त्यांनी लगेच तिथीची पाऊणपट केली, आणि भरती जुळेना! पाऊणपटीचं गणित आपल्या किनाऱ्यापुरतं आहे. इथे अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराला येत नाही, सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास येते. शिवाय उधाणाला पाण्याचा चढउतार सहा मीटरहून जास्त. डेलजवळचं गॅन आणि पुढे सँडी हेवन इथे वाट खाडीच्या तळातूनच जाते, तीही ओहोटीच्या अलीकडच्या-पलीकडच्या थोड्या तासांतच. वेळ चुकली की मैलोन्‌मैलांचा वळसा. दुकानातून भरती-ओहोटीची छापील पुस्तिका आणली, आणि बाबा रोज सकाळी चहाबरोबर ती घेऊन बसायचे. कड्यावर वारा अंगावर घेत चालताना आईने कोल्हापुरी घोंगडीच पांघरली होती. महागड्या जॅकेटांपेक्षा तीच कामाला आली असं तिचं ठाम मत आहे.

---

आमचा मे-अखेरचा अनुभव, पूर्णगडच्या बाजूचा. चालणं कमीच झालं, कारण रोज दुपारी ढग यायचे. पण अंगणात आंबापोळ्यांची ताटं आणि मीठ लावलेली आमसुलं वाळत होती, आणि पहिला थेंब पडला की “उचला रे!” अशी आजींची हाक यायची. मग घरचे, पाहुणे, शेजारची पोरं, सगळे ताटं घेऊन पडवीत. तिसऱ्या खेपेला तर ढग बघून आम्हीच आधी धावलो. रात्री वीज गेलेली, कुळथाचं पिठलं, मऊ भात आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझ्या मुलांना त्या सुट्टीतला समुद्र फारसा आठवत नाही, आजींची हाक आठवते.

---

एक छोटी भर. वर काहींनी ओहोटी साधायला सांगितलंय ते चालण्यासाठी बरोबरच आहे, पण हेदवीची बामणघळ बघायची असेल तर भरतीच गाठा. खडकातल्या त्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला तिथे नुसती भेग दिसते. वेळणेश्वरला मुक्काम असेल तर सकाळी ओहोटीत किनारा फिरून घ्या, जेवून हेदवीला जा आणि उमामहेश्वराच्या देवळापाशी थांबून लांबूनच बघा. खडक शेवाळलेले असतात, कडेला जाऊ नका. बेत आखायच्या आधी तिथी बघा: पंचमी-षष्ठी असेल तर हे सगळं एका दिवसात बसतं.