मदत हवी आहे: गार्टर साप पाळावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. अकरावीतल्या लेकीला सापांचं मनापासून वेड आहे आणि आता तिला उत्तर अमेरिकेतला गार्टर साप पाळायचा आहे. देशी साप घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणून नानेटी किंवा दिवडाचा विषयच नाही.

फोटो पाहून मीही हरखलो. लाल, काळे, निळसर पट्टे काय सुंदर दिसतात! त्यातला सॅन फ्रान्सिस्कोचा सर्वांत देखणा, पण तो संरक्षित आहे आणि ते योग्यच आहे. वाचलं ते असं: हा साप दिवसा वावरतो, चपळ आणि चौकस असतो, अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. विष माणसाला घातक नाही; मात्र घाबरला की घाण वासाचा स्राव सोडतो. नुसत्या गोल्डफिशवर ठेवला तर बी-1 जीवनसत्त्व कमी पडून आजारी पडतो.

मला खरी काळजी उन्हाळ्याची आहे. त्याला पेटीची एक बाजू साधारण 30 अंश आणि दुसरी त्याहून बरीच थंड लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वीज गेली तर?

कोणी प्रत्यक्ष पाळला आहे का? हाताळल्यावर तो खरंच माणसाळतो, की आयुष्यभर बुजराच राहतो? कायदेशीर कागदपत्रं कोणती मागायची? आणि साप तपासणारे पशुवैद्य बडोदा-अहमदाबादकडे कोणाच्या माहितीत आहेत का? मुक्या जिवाचे हाल होणार असतील तर तसं स्पष्ट सांगा, मी लेकीला समजावेन.