काळी चारच्या तंबोऱ्यासाठी लाकूड महत्त्वाचे की तारा?

प्रश्न
मी किराणा घराण्याच्या पद्धतीचे गायन शिकते आणि काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गाते. आजवर रियाज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर झाला. आता मिरजेहून हाताने घडवलेला तंबोरा घ्यायचा आहे. एका विक्रेत्याने तुणीच्या लाकडाचा आग्रह धरला, दुसऱ्याने सागवान अधिक टिकते असे सांगितले, आणि तारांबद्दल दोघांचेही उत्तर ‘नेहमीच्याच लावून देऊ’ एवढेच होते. लाकूड, भोपळा आणि तारा यांपैकी कशाकडे अधिक लक्ष द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ताई, सागवान वाईट नव्हे, पण ते जड असते. तुणीचे लाकूड हलके असून तासून पातळ करता येते, आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी) जितकी मोकळेपणाने हलेल तितका नाद भरतो. म्हणून मी तुणीच्याच बाजूने आहे. मात्र जातीपेक्षा लाकूड किती मुरलेले आहे याची चौकशी आधी करावी, कारण ओलसर लाकडाची दांडी पुढे ताणाने वाकते. तबलीवर गाठ नसावी. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. त्यांची साल जाड आणि आकार नैसर्गिकरीत्या गोल असावा, ठिगळ लावलेले नसावे. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक वाद्य आपोआप उत्तम ठरत नाही. वाद्य कानानेच निवडावे.

प्रतिसाद २
माझ्या मते खरा निर्णय तारांचा आहे, आणि ‘नेहमीच्याच’ हे उत्तर मुळीच स्वीकारू नका. काळी एकला गाणाऱ्या पुरुषासाठी घडवलेला लांब तंबोरा काळी चारपर्यंत चढवला तर तारांवर आणि तबलीवर अकारण ताण येतो. तुम्हाला आखूड लांबीचे वाद्य आणि बारीक तारा हव्यात. पहिल्या तीन तारा पोलादी आणि खर्जाची (सर्वांत खालच्या षड्जाची चौथी तार) पितळी, ही तुमच्या स्वराला योग्य मांडणी. खर्ज जोडीच्या (षड्जात लावलेल्या मधल्या दोन) तारांपेक्षा एक सप्तक खाली असतो, आणि तेवढ्याच लांबीवर, तेवढ्याच ताणाने तो स्वर मिळवायचा तर तारेचे वजन चौपट लागते. त्यामुळे ती तार जाडच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट कारागिराला आधीच सांगा. मारवा, पूरिया यांसारख्या रागांत पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावतात, तेव्हा त्याच तारेवरचा ताण दीडपटीहून थोडा अधिक होतो. पंचमाला शोभणारी जाड तार तिथे तुटू शकते, म्हणून पहिल्या तारेची जाडी दोन्ही स्वर सांभाळेल अशी निवडावी.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही प्रतिसादांत जवारीचा (घोडीचा पृष्ठभाग घासून साधलेल्या झंकाराचा) उल्लेख राहिला, आणि तंबोऱ्याचा प्राण तर तिथेच आहे. घोडीच्या (तारांखालच्या आडव्या आधाराच्या) किंचित उतरत्या पृष्ठावर तार घासत कंप पावते आणि सुताचा धागा योग्य जागी सरकवला की वरचे स्वयंभू स्वर (तारेतून आपोआप उमटणारे उपस्वर) उमलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये या वाद्यांवर लिहिताना घोडीच्या याच रचनेकडे लक्ष वेधले होते. हे पृष्ठ विशिष्ट जाडीच्या तारेसाठी घासलेले असते. त्यामुळे तारा ठरवून, त्या काळी चारला लावून झाल्यावरच जवारी काढून घ्यावी, आणि नंतर तारा बदलताना तीच जाडी राखावी. हस्तिदंत व सांबरशिंगाचा व्यापार कायद्याने बंद आहे. उंटाच्या हाडाची किंवा आबनुसाची घोडी घ्यावी.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पूरिया मी सध्या शिकतच आहे, त्यामुळे निषादाची सूचना फारच उपयोगी पडली. जवारी खुली (अधिक झंकाराची) ठेवावी की बंद (कमी झंकाराची)?

प्रतिसाद ३
किराण्याच्या संथ आलापीला स्वर दीर्घकाळ भरून राहिलेला हवा असतो, म्हणून खुली सांगा. पण फार खुली केली तर झणझणाट षड्जालाच झाकतो, तेव्हा शक्य असल्यास स्वतः समोर बसून, गाऊन पाहतच ती काढून घ्या.