काकांचा मेल परत येतोय

(आत्याच्या हुकमावरून घरच्या ग्रुपवरची रविवारची चर्चा एकत्र करून ठेवतोय. गुड मॉर्निंगचे गुलाब आणि पावसाचे व्हिडिओ गाळलेत.)

दादा (बोटीवर): काका, म्युटेशनचा (जमिनीच्या नोंदीत नाव बदलायचा) सही केलेला कागद तीन दिवस पाठवतोय, मेल परत येतो. तुमचा मेलबॉक्स भरलाय म्हणे.

मोठे काका: भरला कसा? मला महिन्याला चार मेल येतात.

मोठे काका: त्यातला एक तुझा.

आत्या (डिचोली): मलापण तशी लाल पट्टी दिसते. मी बघतच नाही तिकडे.

मी: काका, ते १५ जीबी नुसत्या मेलचे नव्हेत. जीमेल, ड्राइव्ह, गूगल फोटोज, तिघांचं पाणी एकाच हंड्यातलं. जून २०२१ पूर्वी हाय क्वालिटीतले फोटो मोजत नसत, आता मोजतात. आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही ह्यातच.

मोठे काका: म्हणजे ह्या ग्रुपवरचे फोटो माझ्या मेलात जाऊन बसले?

वैनी: माझे नाहीत हां काका. आत्याचे असतील.

आत्या (डिचोली): माटोळीचे (गणपतीवर बांधतात ती फळांची) चाळीस फोटो टाकले तेव्हा छान छान कोण म्हणत होतं मरे?

मी: काकांचा फोन माझ्याच हातात आहे, ते कॉम्प्युटरवरून लिहितायत. व्हॉट्सॲप बॅकअप ९.४ जीबी, फोटो ५.१, मेल अर्धा जीबी. काकांचे मेल खरंच चारच आहेत. बॅकअपमधून व्हिडिओ काढून टाकतो, मग बघू.

ताई (पुणे): एवढी झटापट कशाला? गूगलचे १०० जीबी विकत घ्या. महिन्याला १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १३००. शिवाय घरातल्या आणखी पाच जणांना त्यात घेता येतं.

मोठे काका: आणि माझे मेल तुम्ही सगळे वाचणार?

ताई (पुणे): नाही हो काका. जागा सामाईक, कपाट ज्याचं त्याचं.

आत्या (डिचोली): पैसे कशाला भरायचे? शेजारचा मुलगा म्हणतो मोबाईल कंपनी फुकट देते.

मी: देतात. एअरटेलने मे २०२५ मध्ये पोस्टपेड आणि वाय-फायवाल्यांना १०० जीबी सहा महिने दिले. जिओने ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलचा २ टीबीचा (म्हणजे दोन हजार जीबीचा) प्लॅन १८ महिन्यांसाठी जाहीर केला, अनलिमिटेड फाइव्ह-जीवाल्यांना, सुरुवात १८ ते २५ वयाच्यांपासून.

आत्या (डिचोली): मग मी पंचवीसची नाही काय?

मी: आत्या, तू घेच. पण मुदत संपल्यावर काय होतं ते ऐक. दोन टीबी मिळाले की माणूस सगळंच टाकत सुटतो. १८ महिन्यांनी प्लॅन गेला की तुझी हद्द परत १५ जीबी, आणि आत साठलेलं ३००. त्या दिवशी काही पुसत नाहीत, पण नवीन काही ठेवता येत नाही आणि मेल परत जायला लागतात, आता काकांचे जातात तसे. दोन वर्षं तसंच राहिलं तर आतलं पुसायची मुभा त्यांना आहे. म्हणजे तेव्हा पैसे भर नाहीतर ३०० जीबी उतरवत बस. मला विचारशील तर काकांसारख्याला फुकट २ टीबीपेक्षा विकतचे १०० जीबी बरे.

ताई (पुणे): माझ्या आयफोनवर फुकट फक्त ५ जीबी. मी ७५ रुपये देऊन ५० घेतले. आयक्लाउडवर फोनचा बॅकअप १८० दिवस झाला नाही तर जुना बॅकअपही ते काढून टाकतात, हे मला फोन दुरुस्तीला गेला तेव्हा कळलं.

वैनी: दोन-चार फुकटवाले एकत्र वापरले तर? वनड्राइव्हचे ५, ड्रॉपबॉक्सचे २...

मी: वैनी, तशी चार अकाउंटं मी काढली होती. वनड्राइव्हचं पूर्वी १५ होतं, २०१६ मध्ये ५ केलं. फ्लिकरवर एकेकाळी १ टीबी फुकट, मग २०१९ मध्ये हजार फोटोंची मर्यादा. हे सोडा. खरी भानगड वेगळी आहे, जागेपेक्षा हजेरीची. ड्रॉपबॉक्सचं फुकट अकाउंट बारा महिने उघडलं नाही तर बंद होऊ शकतं. याहू मेलचंही तेच. गूगल दोन वर्षं वाट बघतं आणि डिसेंबर २०२३ पासून खरंच अकाउंट काढायला लागलंय.

मोठे काका: मग आबांचे कागद?

(इथे दहा मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

मोठे काका: बाबू, कोरोनात तू स्कॅन केलेस ते. एक-चौदाचे उतारे (गोव्याचा सातबारा), पोर्तुगीज वेळची खरेदीखतं. ती कुठे आहेत?

मी: त्यासाठी वेगळं अकाउंट काढलं होतं. घरचे कागद नावाचं.

मोठे काका: उघडलंस कधी?

मी: तेव्हाच.

आत्या (डिचोली): अरे देवा.

दादा (बोटीवर): गूगल काढण्यापूर्वी सूचना पाठवतं ना?

मी: पाठवतं, त्या अकाउंटवर आणि रिकव्हरी मेलवर, म्हणजे अकाउंट अडलं तर सोडवायला दिलेल्या दुसऱ्या मेलवर. तो म्हणजे तुझं याहू, दादा.

दादा (बोटीवर): ते मी दुसऱ्या बोटीवर असताना शेवटचं उघडलं होतं.

मी: आणि रिकव्हरी नंबर काकांचा जुना प्रीपेड. रिचार्ज केला नाही म्हणून तो गेला.

(एक अवांतर, दादासाठी. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही आणि बॅलन्स २० रुपयांच्या खाली असला तर कंपनी तो बंद करू शकते. तुझं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. ओटीपी त्याच नंबरवर. कोणाला तरी २० च्या वर बॅलन्स ठेवायला सांग.)

मोठे काका: मूळ कागद माझ्याकडे आहेत, पण दोन खतांना कसर लागलीय. स्कॅनमध्ये अक्षरं होती.

वैनी: थांबा. चवथीला आरत्या लावतो तो टॅब कोणाच्या अकाउंटवर चालतो?

मी: कोणता टॅब?

वैनी: देवघराजवळ असतो तो. तुम्हीच आणून दिलेला ना कोरोनात?

मी: वैनी, उघडून बघा.

वैनी: चार्ज नाही. लावलाय. स्क्रीनवर कुंकू लागलंय, जरा पुसते.

वैनी: यूट्यूब उघडलं. वर कोपऱ्यात गोल आहे, त्यात तुळशी वृंदावनाचा फोटो. दाबलं तर लिहिलंय घरचे कागद.

आत्या (डिचोली): मोरया!

मी: देव बरें करूं वैनी! लॉग-इन करून यूट्यूब लावलं की ती हजेरी धरतात. दर चवथीला सुखकर्ता लागला म्हणून अकाउंट जिवंत राहिलं.

मोठे काका: मग प्रश्न मिटला.

मी: अर्धा. अकाउंट वाचलं, पण गूगलच्या नियमात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज ह्यांची हजेरी वेगवेगळी मोजतात. ड्राइव्ह दोन वर्षं न वापरलेलं असेल तर त्यातलं काढू शकतात. वैनी, त्या टॅबवर ड्राइव्ह उघडा, तिरंगी त्रिकोण.

वैनी: फिरतंय.

वैनी: अजून फिरतंय.

वैनी: लाइट गेली. थांबा.

(डोंगरावरच्या वाऱ्याने आमच्या वाड्यावरची लाइट नेहमी अशाच वेळी जाते. चाळीस मिनिटं.)

वैनी: आली. फोल्डर आहे. आतली पहिली फाइल उघडली, डाव्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा दिसतो.

मी: तो माझाच. सगळं आहे मग.

मी: आता कोणी टॅबमधून लॉग-आउट करू नका. मी संध्याकाळी येतो. रिकव्हरीला माझा नंबर आणि ताईचा मेल घालतो, दहा बॅकअप कोड (फोन हाताशी नसला तर लॉग-इनला लागतात ते) कागदावर लिहून काकांच्या कपाटात ठेवतो. सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर डिचोलीला, एक पुण्याला. आणि इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर चालू करतो. ठरवलेले महिने अकाउंट पडून राहिलं तर आपण नेमलेल्या माणसांना फायली मिळतात. दहा नावं घालता येतात.

मोठे काका: म्हणजे मी गेल्यावर?

मी: तसं नाही काका.

मोठे काका: तसंच. घाल, माझ्या अकाउंटलाही घाल. पण आत्याचं नाव शेवटी.

आत्या (डिचोली): माझा बॅकअप तरी कोण बघतो.

मी: आत्या, तुझी लाल पट्टीपण आजच बघतो.

मोठे काका: दर महिन्याच्या संकष्टीला कोणीतरी तो ड्राइव्ह उघडायचा. मी वैनीला सांगेन, तुम्हाला नाही.

वैनी: चालेल काका. मोदक झाले की उघडते.

दादा (बोटीवर): परत पाठवलाय मेल. बघा गेला काय.

मोठे काका: आला. ४ एमबीचा आहे. एका सहीला एवढी जागा लागते?