पीलनंतर डाव्या गालाला पाणीही सोसवत नाही

नाशिककरीण:
दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले, म्हणून ग्लायकोलिक पील (आम्ल लावून वरची कातडी सोलवतात ते) सुरू केलं. ३० टक्क्यांची दोन सिटिंग सुरळीत गेली. गेल्या शनिवारी ५० टक्क्यांचं होतं. लावल्यावर दोन मिनिटांतच डाव्या गालाची आग आग झाली. पील करणाऱ्यांनी लगेच सोड्याच्या पाण्यानं पुसून काढलं. आज सहावा दिवस. उजवा गाल सोलून नितळ झालाय. डावा अजून लाल आहे, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतो, आणि आता कडेनं काळपट दिसायला लागलाय. रोज स्कूटीवरून सातपूरला जाते, स्कार्फही घासतो. सासूबाई म्हणतात, साय-हळद लाव. वांग घालवायला गेले आणि नवा डाग आणला, या विचारानं रात्र रात्र जागी असते.

पाऊसवेडी:
वांगावर रात्री ट्रेटिनॉइन क्रीम लावत असशील, ते कधी बंद केलं होतंस?

नाशिककरीण:
आदल्या रात्रीपर्यंत लावलं. बंद करायचं असतं हे कुणी बोललंच नाही.

पाऊसवेडी:
मग तेच कारण असेल. ट्रेटिनॉइननं वरचा थर पातळ होतो आणि आम्ल खोलवर जातं, म्हणून पीलच्या काही दिवस आधीच ते थांबवतात. माझंही असंच झालं होतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत दाह झाला की रंग जास्त तयार होतो, त्यातून तो काळपटपणा. माझा जायला चार महिने लागले, पण गेला. सध्या फेसवॉश, हळद, लिंबू काहीही नको. गार पाण्यानं धू, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरव. सुटलेली साल ओढू नकोस, मी ओढली होती, तिथलाच डाग सगळ्यात शेवटी गेला.

जुनी वाचक:
एक कळकळीनं सांगते. मेडिकलवाल्याकडून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणू नका. पुष्कळ ट्यूबांत हायड्रोक्विनोन या रंग उतरवणाऱ्या औषधाबरोबर मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं; पण लावत राहिलं तर चेहरा उन्हात सारखा पेटतो. माझ्या बहिणीनं तीन वर्षं भोगलंय. पाणी सुटलं, फोड आले किंवा पिवळी खपली धरली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आग थांबली की झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा. थ्रेडिंग-ब्लीच तोवर नाहीच.

नाशिककरीण:
साय-हळद आता नाहीच. काल फोटो पाठवले, डॉक्टरांनी उद्या बोलावलंय. ट्रेटिनॉइनचा विषय मी स्वतःच काढणार आहे. आठवडाभर बसनं जाते.