मदत हवी आहे : एम५ घ्यायची तर ई६० की एफ१०?

मंडळी, कोल्हापुरातून विचारतोय. संग्रहात ठेवायला जुनी बीएमडब्ल्यू एम५ बघतोय, रोज फिरवायला नाही.

ई६० आणि एफ१० या तिच्याच लागोपाठच्या दोन पिढ्या. ई६० मध्ये ५ लिटरचं व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, टर्बो नाही, ५०७ हॉर्सपॉवर, आणि काटा ८२५० आरपीएमपर्यंत चढतो. एम५ला व्ही१० आधी कधी नव्हतं, नंतरही आलं नाही. त्यामुळे पुढं भाव हिलाच येणार असं मला वाटतं. २०११ साली आलेल्या एफ१०ला ४.४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, ५६० हॉर्सपॉवर. पळायला नाद खुळा! पण केबिनमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, ते काय पटत नाही बुवा.

भीती आहे ती ई६०च्या दुखण्यांची. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, थ्रॉटल ॲक्च्युएटर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी मोटर), क्लच पेडल नसलेल्या एसएमजी गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप. आमच्या उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं, पण हे इंजिन खालून उघडून बेअरिंगं बदलणारा कुणी कोल्हापूर-सांगलीकडं आहे का? की पुणे-मुंबईच गाठावी लागेल?

बेअरिंगं बदलल्याचं बिल नसेल, तर झिजलेल्या धातूचे कण शोधायला करतात त्या नुसत्या ऑइलच्या तपासणीवर विश्वास ठेवावा का? ज्यांनी ई६० सांभाळलीय त्यांनी खर्चाचं खरं काय ते सांगा.