मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये दारूच्या बाटलीवरचा कर्करोगाचा इशारा २०२८ पर्यंत लांबला. मत नसलेल्या माणसाने ब्रसेल्सपर्यंत म्हणणं कसं पोचवायचं?

लीकाठची

नमस्कार मंडळी,

मी कॉर्कमध्ये नर्स आहे, यकृताच्या रुग्णांच्या वॉर्डात. पासपोर्ट भारतीय, इथे वर्क परमिटवर. आमच्या भागातल्या बायकांच्या एका छोट्या गटाने दारूच्या लेबलांबद्दल युरोपीय संसदेतल्या आपल्या खासदारांना निवेदन द्यायचं ठरवलंय आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. इथे ब्रसेल्समध्ये किंवा कायदा-धोरणाच्या कामात कोणी असेल तर मदत करा.

प्रकरण थोडक्यात असं. आयर्लंडने २०१८ मध्ये दारूविषयीचा सार्वजनिक आरोग्य कायदा केला. त्याखालच्या नियमांवर मे २०२३ मध्ये सही झाली. प्रत्येक बाटलीवर आणि कॅनवर चार गोष्टी छापायच्या: दारूमुळे यकृताचा आजार होतो, दारूचा आणि जीवघेण्या कर्करोगांचा थेट संबंध आहे, गरोदरपणात पिऊ नये हे सांगणारं चित्र, आणि आत किती ग्रॅम अल्कोहोल व किती कॅलरी आहेत ते. कर्करोगाचं इतकं स्पष्ट वाक्य सक्तीचं करणारा हा जगातला पहिलाच देश. उत्पादकांना तयारीसाठी तीन वर्षं दिली होती, २२ मे २०२६ ही तारीख ठरली होती. जुलै २०२५ मध्ये सरकारने व्यापारातल्या अनिश्चिततेचं कारण देऊन ती २०२८ वर ढकलली.

आपल्याकडे बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ हे असतंच. कर्करोगाचा उल्लेख त्यातही नाही, पण निदान इशारा आहे. इथे वॉर्डात चाळिशीतल्या बायका येतात. रोज संध्याकाळी वाइनचे दोन ग्लास म्हणजे काय होतं हे आपल्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, असं त्या म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाशी दारूचा संबंध आहे हे तर बहुतेकींना पहिल्यांदा आमच्याकडूनच कळतं. ही माहिती दुकानात, बाटली हातात घेताना मिळायला हवी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

माझे प्रश्न:

१. उत्पादकांची बाजू म्हणते की एका देशाने वेगळं लेबल मागणं म्हणजे युरोपच्या सामायिक बाजारात अडथळा. याला नेमकं उत्तर काय द्यायचं?

२. मी युरोपीय नागरिक नाही. निवेदनावर माझी सही चालेल का? आणखी कोणते रस्ते मला मोकळे आहेत?

३. निवेदन कोणाला पाठवायचं? डब्लिनला की ब्रसेल्सला?

---

सह्यवारा

ताई, मी ब्रसेल्समध्ये अन्नविषयक नियमांवर काम करतो. पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण निवेदनं बहुतेक वेळा तिथेच ढेपाळतात.

युरोपीय युनियनच्या कराराचं कलम ३४ म्हणतं की एका सदस्य देशातला माल दुसऱ्या देशात अडवू नका. युनियनच्या न्यायालयाने १९७९ च्या ‘कासिस द दिजों’ निकालात हे पक्कं केलं. फ्रान्सचं फळांचं मद्य जर्मनीत विकू देत नव्हते, कारण त्यात अल्कोहोल जर्मन किमान मर्यादेपेक्षा कमी होतं. जर्मनीने त्यासाठी सार्वजनिक आरोग्याचं कारण पुढे केलं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. तेव्हापासून कुणी आरोग्याचं नाव घेतलं की हे खरंच आरोग्यासाठी आहे की आपल्या उत्पादकांसाठी, हे आधी तपासलं जातं.

पण कलम ३६ मध्ये आरोग्यासाठी अपवाद आहे. तो वापरायचा असेल तर उपाय प्रमाणात असावा लागतो आणि कमी अडथळ्याचा दुसरा मार्ग तितकाच परिणामकारक नाही हे दाखवावं लागतं. यासाठी स्कॉटलंडचं उदाहरण जरूर वापरा. त्यांनी २०१२ मध्ये दारूच्या किमान किमतीचा कायदा केला. स्कॉच व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. डिसेंबर २०१५ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं की हा अडथळा आहेच, कर वाढवून तेच साधत असेल तर तो मार्ग घ्या, पण पुरावा राष्ट्रीय न्यायालयाने तपासावा. स्कॉटिश सरकारने दाखवून दिलं की किमान किंमत नेमकी स्वस्त आणि कडक दारूला लागते, जी सर्वाधिक पिणारे विकत घेतात; कर मात्र सगळ्याच दारूवर पसरतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि १ मे २०१८ ला तो लागू झाला. सहा वर्षं गेली, पण तो पुराव्यावर टिकला.

आयर्लंडच्या लेबलांचा पाया याहून भक्कम आहे. अन्नाच्या माहितीबद्दल युनियनचा २०११ चा नियम आहे. त्याचं कलम ३९ सांगतं की आरोग्याच्या कारणासाठी सदस्य देश जास्तीची माहिती सक्तीची करू शकतो. आयर्लंडने २०२२ मध्ये मसुदा रीतसर युरोपीय आयोगाला, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाला, कळवला. इटली, फ्रान्स, स्पेन यांनी हरकती घेतल्या, तरी आयोगाने तो रोखला नाही. तुमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य हेच असू द्या: सामायिक बाजाराच्या चौकटीतून हा नियम आधीच पार झाला आहे.

दुसरं म्हणजे, आयोगाने फेब्रुवारी २०२१ च्या कर्करोगविरोधी योजनेत म्हटलं होतं की दारूच्या लेबलवर सक्तीच्या आरोग्य-इशाऱ्याचा प्रस्ताव २०२३ संपायच्या आत आणू. तो आला नाही. म्हणजे वेगवेगळी लेबलं नकोत असं ज्यांना वाटतं, त्यांनी सगळ्या २७ देशांसाठी एकच इशारा मागावा. आयर्लंडला एकटं पुढे जावं लागलं ते युनियन थांबली म्हणून.

एक बारकावा लक्षात ठेवा. केवळ आरोग्यासाठी म्हणून देशांचे कायदे एकसारखे करायचा अधिकार युनियनला जवळजवळ नाही. तंबाखूच्या जाहिरातबंदीचा पहिला निर्देश न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये याच मुद्द्यावर रद्द केला. २००३ मध्ये तो नव्याने आला, सीमेपलीकडे जाणाऱ्या जाहिरातींपुरता आखून, आणि मग टिकला. त्यामुळे ब्रसेल्सला लिहिताना आरोग्यासोबत बाजाराचीही भाषा वापरावी लागते. तुमच्यासारख्या वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला ते जड जाईल, पण तिथलं दार त्याच किल्लीने उघडतं.

---

कडुनिंब

पुण्यातून लिहितेय. तंबाखू-नियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं आहे. मुदतवाढ आमच्या फार ओळखीची. सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा एप्रिल २०१६ मध्ये लागू झाला, त्याआधी तारीख पुढे गेली होती. नंतर कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केले आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. माझा सल्ला: नवी तारीख मान्य करून गप्प बसू नका. या काळात सरकार काय काय करणार ते लेखी मागा. आणि रुग्णांच्या गोष्टी त्यांच्या परवानगीने, नाव-गाव काढून जोडा. समितीसमोर आकडे सगळेच आणतात, वॉर्डातलं फक्त तुम्हीच सांगू शकता.

---

द्राक्षबाग

वेगळा मुद्दा मांडतो. मी नाशिकचा, वाइनची द्राक्षं लावतो. इटलीतल्या लहान वाइनरीची अडचण मला समजते. आयर्लंडची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. तेवढ्यासाठी वेगळं लेबल छापण्यापेक्षा तो माल तिथे न पाठवणंच परवडेल. मोठ्या कंपन्यांना काही फरक पडत नाही, छोटे मरतात. इशाऱ्याला माझा विरोध नाही.

---

लीकाठची

दादा, हा मुद्दा मी मसुद्यात घेणार आहे, आणि तो तुमच्या बाजूनेच मांडणार आहे. लहान उत्पादकाला खरा दिलासा हवा तर सगळीकडे एकच लेबल हवं. पण तोवर इथल्या बाईला माहिती मिळू नये, हे मला मान्य नाही. तयारीला दिलेली तीन वर्षं याच अडचणीसाठी होती, आणि ज्यांनी ती वापरून लेबलं छापली त्यांच्या काही बाटल्या इथल्या दुकानांत दिसतायत. मुदत वाढवली की वेळेवर तयारी करणाऱ्यावरच अन्याय होतो.

सह्यवारा, मनापासून आभार. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचंही सांगाल का?

---

सह्यवारा

सांगतो.

युरोपीय संसदेकडे याचिका करायला नागरिकत्व लागत नाही, सदस्य देशात वास्तव्य पुरतं. करारातच तसं आहे, कलम २२७. म्हणजे तुम्ही एकट्याच्या नावानेही करू शकता. आयोग एखाद्या प्रस्तावावर सार्वजनिक अभिप्राय मागवतो तेव्हा कोणीही लिहू शकतं. देशाने तांत्रिक नियमाचा मसुदा आयोगाला कळवला की तीन महिने तो लागू करता येत नाही; त्या थांब्यातही कोणालाही मत पाठवता येतं; आयर्लंडच्या मसुद्यावर उद्योगाने ते भरभरून पाठवलं होतं. आयोगाकडे कायद्याची मागणी करणाऱ्या दहा लाख सह्यांच्या नागरिक उपक्रमावर मात्र फक्त युनियनच्या नागरिकांची सही चालते.

तारीख ढकलली डब्लिनने, म्हणून ती मागे आणायची मागणी डब्लिनकडे. आरोग्यमंत्री आणि तुमच्या मतदारसंघातले टीडी, म्हणजे आयरिश संसदेतले खासदार. कॉर्क युरोपीय संसदेच्या दक्षिण मतदारसंघात येतं, तिथून पाच सदस्य आहेत. २७ देशांसाठी एका इशाऱ्याची मागणी त्यांच्याकडे. दोन वेगळी पत्रं करा, एकात कोंबू नका. जुलै ते डिसेंबर २०२६ युनियनच्या परिषदेचं (सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या मंडळाचं) अध्यक्षपद आयर्लंडकडे आहे, त्याचा उल्लेख दोन्हींत हवा.

आणि मत अगदीच नाही असं नाही. आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत तिथे राहणाऱ्या कोणालाही, कुठल्याही पासपोर्टवर मतदान करता येतं. नाव नोंदवलंय का?

---

लीकाठची

हे मला माहीतच नव्हतं. नाव या आठवड्यात नोंदवते, गटातल्या केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मैत्रिणींनाही सांगते.

दोन पत्रं करायचं ठरलं. कडुनिंबताई, लेखी कार्यक्रमाची मागणी डब्लिनच्या पत्रात घातली आहे. रुग्णांच्या परवानगीचं आधी वॉर्डातल्या वरिष्ठांशी बोलून मगच बघेन.

आता एकच मदत उरली. इटली, फ्रान्स किंवा स्पेनमध्ये राहणारं, शक्यतो आरोग्यक्षेत्रातलं, इथे कोणी आहे का? ब्रसेल्सच्या पत्राची तिथल्या भाषेतली प्रत तिथल्या डॉक्टर-नर्सच्या संघटनांना पाठवायची आहे. हरकत त्या सरकारांची होती, त्यामुळे त्याच देशांतून पाठिंबा आला तर वजन पडेल. मसुदा रविवारपर्यंत तयार होईल. व्यक्तिगत निरोप करा, लगेच पाठवते.